बॅगेत काय भरलंय ते दाखवा

परवाच्या शनिवारी आमच्यात कडाक्याचं भांडण झालं. विषय? एका काल्पनिक बॅगेत काय असावं! तिशी ओलांडलेले, ईएमआय भरणारे पाच इंजिनियर रात्री दीड वाजता कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये यावरून एकमेकांवर ओरडत होते. हसा खुशाल. पण माझं म्हणणं ऐकून घ्या आणि मग हसा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'द मॉरो प्रोजेक्ट' हा १९८० साली अमेरिकेत आलेला रोलप्लेइंग गेम. कॉम्प्युटर-बिंप्युटर काही नाही. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि एकाने मास्तर होऊन गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट अशी की अणुयुद्ध होणार हे आधीच कळलेला ब्रूस मॉरो नावाचा एक गृहस्थ उद्योगपतींना हाताशी धरून गुप्त प्रकल्प उभारतो. निवडक माणसांच्या टीम जमिनीखाली गोठवून ठेवायच्या, युद्धानंतर काही वर्षांनी 'प्राइम बेस' या मुख्यालयाने त्यांना उठवायचं आणि त्यांनी देश पुन्हा उभा करायचा. *पुन्हा उभा करायचा* हे शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

होतं काय, तर प्राइम बेसच उद्ध्वस्त होतो आणि टीमला जाग येते ती थेट दीडशे वर्षांनी. (एकच सर्व्हर, बॅकअप नाही. आपल्या धंद्यातल्या लोकांना जास्त सांगायला नको.) वरून ऑर्डर नाही, मागून रसद नाही. जवळ आहे ते फक्त प्रकल्पाने ठरवून दिलेलं सामान.

आणि ते सामान काय? फ्युजनवर चालणाऱ्या चिलखती गाड्या, गणवेश, मेडकिट, आणि मग बंदुका, बंदुका, बंदुका. मूळ लेखकांपैकी केव्हिन डॉकरी हा पुढे शस्त्रांवर आणि नेव्ही सीलवर पुस्तकं लिहिणारा माणूस, त्यामुळे हत्यारांचं वर्णन अगदी प्रेमाने केलेलं आहे. तक्रार त्या प्रेमाबद्दल नाही. तक्रार ही आहे की देश उभा करायला निघालेल्या माणसांची बॅग देश जिंकायला निघालेल्यांसारखी दिसते. आणि आपण खेळणारे चाळीसहून जास्त वर्षं त्या यादीत सुधारणा म्हणून काय करतो? आणखी मोठी बंदूक घालतो.

आता शनिवारचा किस्सा. आमच्या मास्तरांनी सुरुवातीलाच प्रत्येकाला दहा किलो जादा सामानाची मुभा दिली होती. मी काय घेतलं? जादा मॅगझिन आणि ग्रेनेड. तिसऱ्या बैठकीत आम्ही टेनेसीतल्या एका गावात पोचलो. तिथे हगवणीची साथ. पोरं पटापट मरत होती. आमचं मेडकिट दुसऱ्याच पेशंटला संपलं. मग आम्ही काय केलं, तर गावाभोवती पहारा लावला! कारण पहाऱ्याचं सामान होतं ना जवळ. अकरा पोरं गेली. एकही गोळी झाडावी लागली नाही.

खेळ संपल्यावर मास्तर शांतपणे म्हणाले, "मी पहिल्याच वर्णनात सांगितलं होतं, घराघरात मीठ आणि ज्वारीचा गोड पाक आहे."

च्यायला! एक लिटर उकळलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमच्यांचा हिशोब पाकासाठी थोडा बदलला असता, बस. लहानपणी आईने मला हेच पाजून दोनदा उभं केलंय. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाइन संपत आलं तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा पाण्यात कालवून रोग्यांच्या नातेवाइकांच्याच हातात दिलं आणि हजारो जीव वाचवले. गेम निघायच्या नऊ वर्षं आधी! याला बॅगेत जागा लागत नाही, एक कागद पुरतो. आणि गावाला एकदा शिकवलं की संपत नाही.

माझा मुद्दा हाच आहे. किट कसं आहे हे ते *संपल्यावर* कळतं. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: ही संपल्यावर गावाकडे काय उरतं? काडतूस संपलं की रिकामी नळी. पण ओतीव लोखंडाच्या तीन पाट्या आळीपाळीने एकमेकींवर घासत गेलं तर कुठलंही माप हाताशी नसताना अचूक सपाट पृष्ठभाग मिळतो, आणि तिथून लेथपर्यंतचा रस्ता सुरू होतो. वाचायचे चष्मे द्या, म्हणजे गावातला म्हातारा कारागीर आणखी वीस वर्षं बारीक काम करेल. आटे पाडायचा सेट द्या. बियाणं द्या.

"मग पहिल्याच दिवशी दरोडेखोर मारतील त्याचं काय?" हे आमच्यातला एक जण ओरडत होता. मान्य. माणशी एक बंदूक ठेवा. माझं भांडण दुसऱ्या पेटीशी आहे, तिसरीशी आहे.

"अरे, गेम आहे, मजा करायची!" हे दुसऱ्याचं. पण मजा अडचणीतच असते की. १९८४ च्या 'ट्वायलाइट: २०००' मध्ये पोलंडमध्ये अडकलेले सैनिक गाडी चालवायला स्वतः अल्कोहोल गाळतात. म्हणजे टीमची सगळ्यात मौल्यवान वस्तू काय, तर हातभट्टी! :) ती पेटवायची तर चार दिवस एका जागी थांबावं लागतं, सरपण आणावं लागतं, गावकऱ्यांशी गोड बोलावं लागतं. त्या एका भट्टीतून जेवढ्या गोष्टी निघतात तेवढ्या शंभर ग्रेनेडमधून निघत नाहीत.

असो. भांडण मिटलेलं नाही. पुढच्या शनिवारी आम्ही त्याच गावात आहोत. मी मास्तरांकडे माझे दहा किलो बदलून मागितले. ते म्हणाले, "दीडशे वर्षांपूर्वी भरलेली बॅग आता कशी बदलणार?" बरोबरच आहे. म्हणून मी ग्रेनेड घेऊनच जाणार आहे, आणि गेल्या गेल्या चूल पेटवून पाणी उकळायला ठेवणार आहे.