खोक्यावरचे नाव आणि आतली ताकद

बारावीचा निकाल लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि शहरांतील मध्यमवर्गीय घरांत एका नव्या खरेदीची चर्चा रंगू लागते. अभियांत्रिकी, ॲनिमेशन किंवा संगणकशास्त्राला प्रवेश घेतलेल्या मुलाला साधा लॅपटॉप नको असतो, त्याला ‘गेमिंग लॅपटॉप’ हवा असतो. एकेकाळी मूठभर हौशी मुलांची मिजास समजली जाणारी ही वस्तू आता अभ्यासाचे साधन म्हणून घरात येते. लाखाच्या घरात जाणारी रक्कम त्यासाठी मोजली जाते, अनेकदा मासिक हप्त्यांवर. एवढी रक्कम मोजताना पालक आणि विद्यार्थी ज्या एका गोष्टीवर विसंबून राहतात, ती म्हणजे खोक्यावर छापलेले ग्राफिक्स चिपचे नाव. नेमकी तीच गोष्ट सर्वांत कमी माहिती देणारी आहे.

एकाच नावाची चिप असलेले दोन लॅपटॉप शेजारी ठेवले, तर त्यांच्या वेगात डोळ्यांना जाणवेल एवढी तफावत असू शकते. किंबहुना वरच्या श्रेणीची चिप असलेला महागडा लॅपटॉप खालच्या श्रेणीच्या स्वस्त लॅपटॉपच्या मागे पडल्याचीही उदाहरणे आहेत. हा कोणा एका उत्पादकाचा दोष नाही. गेमिंग लॅपटॉपचा बाजार ज्या नामकरणावर उभा आहे, त्यातूनच हा घोळ उद्भवला आहे.

नाव एक, वॅट अनेक

भारतात मोठ्या प्रमाणावर विकल्या गेलेल्या आरटीएक्स ४०६० या चिपचे उदाहरण बोलके आहे. एनव्हिडियाने २०२३ मध्ये ही चिप लॅपटॉपसाठी आणली, तेव्हा तिला ३५ ते ११५ वॅटपर्यंत वीज देण्याची मुभा उत्पादकांना दिली. प्रोसेसरच्या वाट्याची न वापरलेली वीज ग्राफिक्सकडे वळवण्याची सोय जमेस धरली, तर ही मर्यादा १४० वॅटपर्यंत जाते. म्हणजे किमान आणि कमाल यांत चौपट अंतर. पातळ, देखण्या लॅपटॉपमध्ये बसवलेली ४०६० आणि जाडजूड, वजनदार लॅपटॉपमधली ४०६० या नावाने जुळ्या बहिणी असल्या, तरी ताकदीने वेगळ्या आहेत. खोक्यावर मात्र दोन्हींचे नाव सारख्याच अक्षरांत छापलेले असते.

घरच्या टेबलावरील संगणक आणि लॅपटॉप यांची तुलना करायला गेल्यास गोंधळ आणखी वाढतो. टेबलावरील संगणकाच्या आरटीएक्स ४०९० कार्डात १६,३८४ गणन-केंद्रे, २४ जीबी स्मृती आणि ४५० वॅटची मर्यादा आहे. लॅपटॉपमधील ‘४०९०’ मध्ये ९,७२८ केंद्रे आणि १६ जीबी स्मृती आहे, आणि तिची मर्यादा सर्व सवलती धरून १७५ वॅटच्या आसपास संपते. वस्तुतः ती टेबलावरील ४०८० च्या जातकुळीतील चिप आहे. पुढच्या पिढीतही हीच रीत चालू राहिली. टेबलावरील ५०७० ला १२ जीबी, तर लॅपटॉपमधील ५०७० ला ८ जीबी स्मृती मिळाली. अधिकृत नावात ‘लॅपटॉप जीपीयू’ हे शब्द असतात खरे, पण जाहिरातीत आणि दुकानातील बोलण्यात ते हमखास गळून पडतात.

पूर्वी निदान एक खूण होती. २०१७ मध्ये एनव्हिडियाने ‘मॅक्स-क्यू’ हे उपनाव आणले. ते दिसले, की ही कमी विजेवर चालणारी आवृत्ती आहे, हे जाणत्या ग्राहकाला समजत असे. जानेवारी २०२१ मध्ये ३० मालिकेच्या चिप आल्या आणि हा भेद नावातून वगळण्यात आला. त्यावर टीका झाली, तेव्हा उत्पादकांनी आपल्या संकेतस्थळावर वॅट आणि वेग जाहीर करणे बंधनकारक असल्याचे कंपनीने स्पष्ट केले. प्रत्यक्षात हा आकडा तपशिलांच्या लांबलचक यादीत एखाद्या कोपऱ्यात सापडतो, आणि विक्री-संकेतस्थळांवर किंवा दुकानातील किमतीच्या पाटीवर बहुधा सापडतच नाही. ग्राहकाने तो शोधून काढावा, अशीच अपेक्षा आहे.

उत्पादकांची बाजूही इथे नोंदवायला हवी. कमी वॅट म्हणजे फसवणूक असे सरसकट म्हणता येणार नाही. अडीच किलोचा लॅपटॉप आणि त्यासोबतचा विटेएवढा चार्जर पाठीवर घेऊन रोज लोकलच्या गर्दीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला हलका, थंड आणि शांत लॅपटॉप हवा असेल, तर कमी वॅटची निवड रास्तच आहे. आक्षेप एवढाच, की ही निवड ग्राहकाने समजून-उमजून केलेली असावी.

शिवाय ‘जितके वॅट अधिक तितका वेग अधिक’ हे समीकरणही एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. ४०५०, ४०६० आणि ४०७० या चिपच्या चाचण्यांत सुमारे १०० वॅटनंतर वाढीव विजेचा फारसा लाभ होत नाही, असे वारंवार आढळून आले. त्यामुळे १४० वॅटची फुशारकी मारणाऱ्या मॉडेलसाठी १०५ वॅटच्या मॉडेलपेक्षा दहा-पंधरा हजार रुपये अधिक मोजणे शहाणपणाचे नाही. खरा फरक पडतो तो ६० आणि १०० वॅटमध्ये.

उष्णतेचे गणित

वीज आत गेली, की तेवढीच उष्णता बाहेर पडायला हवी. गेमिंग लॅपटॉपची खरी कसोटी इथे लागते. टेबलावरील संगणकात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांना स्वतंत्र पंखे आणि मुबलक जागा असते. लॅपटॉपमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या पेटीत दोघांना त्याच नळ्या आणि तेच पंखे वाटून घ्यावे लागतात. प्रोसेसरचे तापमान ९५ ते १०० अंशांच्या घरात गेले, की तो जीव वाचवण्यासाठी आपला वेग स्वतःच उतरवतो. पहिल्या पाच मिनिटांत सुसाट पळणारा लॅपटॉप अर्ध्या तासाने धापा टाकू लागतो, तो यामुळे. म्हणूनच दोन-तीन मिनिटांत आटोपणाऱ्या चाचणीच्या गुणांवर विसंबणे धोक्याचे आहे. सलग अर्धा तास खेळ चालवल्यानंतर टिकून राहणारा वेग हाच खरा वेग.

महाराष्ट्रातील ग्राहकासाठी यात आणखी एक मेख आहे. बहुतेक परीक्षणे २२ ते २५ अंश तापमानाच्या वातानुकूलित खोलीत केलेली असतात. लॅपटॉपचे पंखे आतली उष्णता भोवतालच्या हवेत सोडतात. ती हवाच जितकी तापलेली, तितके आतले तापमानही साधारण त्याच प्रमाणात चढते. मे महिन्यात नागपूर किंवा चंद्रपूरला पारा ४५ अंशांकडे झुकतो, तेव्हा केवळ छताच्या पंख्यावर चालणाऱ्या वसतिगृहाच्या खोलीत तापमान ३८ अंश असणे नवलाचे नाही. म्हणजे परीक्षणातील खोलीपेक्षा तेरा अंशांची तूट तिथेच पडली. जो लॅपटॉप परीक्षणात ८५ अंशांवर स्थिरावतो, तो इथे मर्यादेला टेकतो आणि जो मुळातच ९५ अंशांवर पोहोचलेला असतो, तो हमखास मंदावतो. पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, की त्यांचा आवाज ५० डेसिबलच्या पुढे जातो. शेजारच्या खाटेवर अभ्यास करणाऱ्या मित्राला तो सोसावा लागतो, हे वेगळेच.

बॅटरीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. चार्जर काढला, की कोणताही गेमिंग लॅपटॉप आपली निम्म्याहून अधिक ताकद गमावतो. विमानात नेण्याच्या नियमांमुळे बॅटरीची क्षमता १०० वॅट-तासांच्या आतच ठेवावी लागते. तेवढ्या साठ्यावर १५०-२०० वॅट ओढणारे यंत्र किती वेळ चालेल, हा हिशेब तोंडी करता येतो.

सरासरीच्या आड

कामगिरी मोजण्याचे प्रचलित परिमाण म्हणजे एका सेकंदात पडद्यावर उमटणाऱ्या चित्रचौकटी, अर्थात फ्रेम. साठ फ्रेम असतील तर एका चौकटीला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ असतील तर सात मिलिसेकंदांहूनही कमी. मात्र जाहिरातीत झळकतो तो सरासरीचा आकडा. सरासरी ९० असलेला खेळ ऐन चकमकीच्या क्षणी ३० वर येत असेल, तर खेळणाऱ्याला तो अडखळणारा क्षणच जाणवतो. त्यामुळे परीक्षणांत ‘एक टक्का किमान’ म्हणून दिला जाणारा आकडा सरासरीपेक्षा अधिक प्रामाणिक मानावा लागतो.

आता या आकड्यांतही नवे पाणी मिसळले गेले आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ५४९ डॉलरच्या ५०७० कार्डात ४०९० ची कामगिरी मिळेल, असा दावा केला. हा दावा कृत्रिम बुद्धिमत्तेने मधल्या चौकटी रचण्याच्या तंत्रावर आधारलेला होता. या तंत्रात एका खऱ्या चौकटीमागे तीनपर्यंत रचलेल्या चौकटी घातल्या जातात. चित्र अधिक गुळगुळीत दिसते, यात शंका नाही. तथापि, खेळणाऱ्याने कळ दाबल्यावर खेळाकडून मिळणारा प्रतिसाद खऱ्या चौकटींवरच अवलंबून राहतो. मूळ वेग ३० फ्रेमचा असेल, तर पडद्यावर १२० दिसूनही हाताला ३० चाच जडपणा जाणवतो. दोन लॅपटॉपची तुलना करताना हे तंत्र बंद ठेवून घेतलेले आकडे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

स्मृतीची कोंडी

लॅपटॉप किती वर्षे टिकेल, हे ठरवणारा घटक मात्र वेगाहून वेगळा आहे. तो म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची स्मृती. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ या खेळाची किमान अपेक्षाच ८ जीबीची होती. लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०५० मध्ये ६ जीबी आहे. म्हणजे २०२३ मध्ये बाजारात आलेली चिप दोन वर्षांच्या आत एका मोठ्या खेळाच्या किमान पात्रतेतही बसेनाशी झाली. ही स्मृती बोर्डावर पक्की जोडलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे लॅपटॉपवर चालवून पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनाही हीच भिंत आडवी येते.

मुख्य स्मृतीची, म्हणजे रॅमची, गोष्ट वेगळी होती. अनेक मॉडेल एकाच पट्टीवर विकली जातात. त्यामुळे काही खेळांत दहा टक्के किंवा त्याहून अधिक वेग गमवावा लागतो. यावर ‘आता घ्या, नंतर लॅमिंग्टन रोडवरून दुसरी पट्टी आणून बसवा’ हा सल्ला वर्षानुवर्षे चालत आला. २०२५ च्या अखेरीस तो सल्ला महाग पडू लागला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी स्मृती-चिपची मागणी एवढी वाढवली, की किरकोळ बाजारातील रॅमचे भाव भडकले. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’ या नावाने सामान्य ग्राहकांसाठी चालणारा आपला व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले, यावरून बाजाराची दिशा स्पष्ट होते. अशा काळात दोन पट्ट्या बसवलेले मॉडेल थोडे महाग असले, तरी अंती स्वस्त ठरू शकते.

पैशाचा मोबदला

मग पैसे वसूल झाले की नाही, हे ठरवायचे कसे? समजा, एक लाखाचा लॅपटॉप ग्राहकाच्या आवडत्या खेळात ८० फ्रेम देतो आणि एक लाख पंधरा हजारांचा १०० फ्रेम देतो. दर फ्रेममागे पहिल्याचा खर्च १,२५० रुपये, तर दुसऱ्याचा १,१५० रुपये. पहिल्याची ग्राफिक्स स्मृती तीन वर्षांत अपुरी पडणार असेल आणि दुसरा चार वर्षे चालणार असेल, तर वर्षाचा हिशेब अनुक्रमे सुमारे ३३ हजार आणि २९ हजार असा होतो. वरवर महाग दिसणारी वस्तू अशी स्वस्त निघते. उलटपक्षी, ज्याला ‘व्हॅलोरंट’सारखे हलके खेळ खेळायचे आहेत, त्याने हे वरचे पंधरा हजार खर्चण्याचे काहीच कारण नाही. तशा खेळांत ग्राफिक्सपेक्षा प्रोसेसरची भूमिका मोठी असते.

पडद्याकडेही असेच दुर्लक्ष होते. १४४ हर्ट्झचा आकडा ठळक छापला जातो, पण स्वस्त मॉडेलमधील पडदा रंगांच्या बाबतीत अनेकदा ‘४५ टक्के एनटीएससी’ एवढाच असतो. चित्रफितींचे संपादन वा ॲनिमेशन शिकणाऱ्या विद्यार्थ्याला असा पडदा निरुपयोगीच म्हणावा लागेल. आणि ज्याला लॅपटॉप कुठे न्यायचाच नाही, त्याने तेवढ्याच पैशांत टेबलावरचा संगणक घेतल्यास अधिक ताकद आणि पुढे सुधारणेची सोय, दोन्ही पदरात पडतात. लॅपटॉपचे अधिकचे मोल हे हलवता येण्याचे मोल आहे.

माहितीचा हक्क

वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत यांची माहिती मिळणे हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने मान्य केलेला हक्क आहे. शीतकपाट किंवा वातानुकूलन यंत्र घेताना २०१० पासून सक्तीची झालेली ताऱ्यांची पट्टी सामान्य गृहिणीलाही तुलना करण्याचे साधन देते. त्याहून महाग असलेल्या गेमिंग लॅपटॉपवर ग्राफिक्सच्या क्षमतेबद्दल असे साधन नाही. वॅटची मर्यादा, ग्राफिक्सची स्मृती, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि पडद्याची रंगक्षमता हे चार आकडे किमतीशेजारी छापायला उत्पादकांना कोणताही मोठा खर्च येणार नाही.

तोवर ग्राहकाला ते स्वतःच विचारावे लागतील. दुकानदार लेखी सांगत नसेल, तर त्या मॉडेलचे अर्ध्या तासाच्या चाचणीचे परीक्षण सापडेपर्यंत थांबावे. दिव्यांच्या झगमगाटात चमकणाऱ्या कळफलकाला भुलून लाखाचा धनादेश फाडण्यापेक्षा आठवडाभराचा विलंब केव्हाही परवडणारा आहे.