तळ्याचा काठ म्हणजे मंगल कार्यालय नव्हे



पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. रागावणार असाल तर शेवटपर्यंत वाचून मग रागवा.

मंडळाच्या डिसेंबरच्या सहलीचा बेत गेल्या आठवड्यात जाहीर झाला. यशवंत सागरच्या काठी, हातोदच्या बाजूला, एका शेतात रात्रीचा मुक्काम. पन्नास-साठ तंबू, दोनशे माणसं, दाल-बाफले, मोठी शेकोटी, डीजे आणि रात्री बाराला उडते कंदील सोडायचे. खाली धडाधड अंगठे. मी एवढंच लिहिलं की जागा आणि कार्यक्रम दोन्ही चुकीचे आहेत, तर एका तरुण कार्यकर्त्याचं उत्तर आलं, "काका बँकेतले ना, अर्ज दिसला की आधी त्रुटी काढणार." बरोबर आहे बाबा. पस्तीस वर्षं तोच पगार खाल्ला. आता त्रुटी सविस्तर सांगतो.

पहिलं म्हणजे ते पाणी कोणाचं आहे? होळकर संस्थानाच्या काळात, दुसऱ्या यशवंतरावांच्या राजवटीत, गंभीर नदी अडवून हे धरण बांधलं ते इंदूरला प्यायला पाणी मिळावं म्हणून. सहलीची सोय म्हणून नाही. आपल्यातले सत्तरीपुढचे लोक नळाची वाट बघत मोठे झाले. १९७० चं नर्मदा आंदोलन बघितलेले अजून आहेत, घरोघरची पोरं त्यात होती. १९७८ मध्ये नर्मदा इंदूरला आली तेव्हा लोकांनी दिवाळी केली. त्याच्या आधी या शहराची तहान ज्यांनी भागवली त्यात यशवंत सागर होता, आणि आजही शहराच्या काही भागाला तिथूनच पाणी येतं. म्हणजे ज्या काठावर दोनशे माणसांनी रात्रभर खायचं-प्यायचं आणि पहाटे लोटा घेऊन "कुठेतरी" जायचं ठरवलंय, तो काठ आपल्याच हंड्याचा काठ आहे. बेतामध्ये डीजेचा आकडा आहे, तंबूंचा आहे, बाफल्यांच्या तुपाचाही आहे. शौचालयाचा नाही. मी तीनदा वाचलं. नाही म्हणजे नाही.

विचारलं तर म्हणाले, "काका, एका रात्रीचा तर प्रश्न आहे." आपल्यासारखी किती मंडळं, किती शाळा, किती ऑफिसं, किती "फ्रेंड्स ग्रुप" डिसेंबर-जानेवारीत तिथे जाऊन राहिले, ते एकदा जाऊन बघा. प्रत्येकाची एकच रात्र असते.

आता दुसरी गोष्ट, जी लोकांना फालतू वाटते. पक्षी. यशवंत सागर आणि आपलं सिरपूर, दोन्ही २०२२ मध्ये रामसरच्या यादीत गेले, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून नोंद झाली. जानेवारी २०२५ मध्ये उदयपूरबरोबर इंदूरलाही रामसरचा "वेटलँड सिटी" हा मान मिळाला, देशातली पहिली दोन शहरं. त्या दिवशी याच आपल्या गटावर शंखध्वनीचे किती निरोप आले होते आठवतंय? मान कशाबद्दल मिळाला ते किती जणांनी वाचलं होतं, हा प्रश्न मी तेव्हा विचारला नाही, आज विचारतो.

यशवंत सागर हे मध्य भारतात सारस पक्ष्याचं एक मोठं ठिकाण मानलं जातं. सारस म्हणजे माणसाएवढा उंच पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यांत उंच. जोडी जन्माची. पावसाळ्यात उथळ पाण्यात नाहीतर भाताच्या शेतात गवताचा ढीग करून घरटं, त्यात बहुधा दोन अंडी. हिवाळ्यात ते गटाने राहतात आणि रात्री उथळ पाण्यात उभं राहून झोपतात. मुद्दाम पाण्यात, कारण कोल्हा किंवा कुत्रं आलं तर पाण्याचा आवाज होतो. चक्रवाक, पट्टकादंब, थव्याने येणारी बदकं, सगळे याच दिवसांत इथे असतात. पट्टकादंब तर हिमालय ओलांडून येतो. एवढं अंतर तोडून तो आपल्याकडे आला की आपण रात्री अकराला त्याच्या शेजारी डीजे लावायचा, हे आपलं आदरातिथ्य!

आवाजाने आणि दिव्याने पक्षी "जरा उडतात आणि परत बसतात" असं एकाने लिहिलं. अंधारात दचकून उडालेल्या मोठ्या पक्ष्याला विजेच्या तारा दिसत नाहीत. तारांना आदळून सारस मरतात, ही काही माझी कल्पना नाही, या पक्ष्याच्या मृत्यूंच्या ठळक कारणांपैकी ते एक आहे. आणि बाफल्यांचं उरलेलं जे आपण "जनावरं खातील" म्हणून झुडपात टाकतो ना, त्यावर गावची कुत्री येतात आणि येतच राहतात. आपण सोमवारी सराफ्यात असतो, कुत्री तिथेच असतात. पुढच्या हंगामात टिटवीची अंडी जमिनीवर, सारसाची पिल्लं जमिनीवर. पुढचं मी सांगायला नको.

उड्या कंदिलांबद्दल तर बोलायलाच नको होतं, पण बेतामध्ये आहेत म्हणून बोलतो. जळती वात असलेला कागद आणि तार हवेत सोडायची आणि ती कुठे पडेल ते देवावर सोपवायचं. आजूबाजूला शेतं आहेत, कडबा आहे. शेतकऱ्याच्या गंजीत पडला तर मंडळाच्या कुठल्या खात्यातून भरपाई देणार, ते खजिनदारांनी लिहावं. कायद्याचं म्हणाल तर रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही, हा नियम २००० सालचा आहे. थर्माकोलच्या प्लेटा, प्लास्टिकचे ग्लास-चमचे १ जुलै २०२२ पासून बंद आहेत. आणि पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांत रामसर ठिकाणी कचरा टाकायला सरळ मनाई आहे. मी हे धमकी म्हणून सांगत नाही. आपल्यात तीन वकील आणि एक निवृत्त न्यायाधीश आहेत, त्यांच्यापैकी कुणी हे आधी का सांगितलं नाही, एवढंच.

यावर सगळ्यात जोरदार उत्तर आलं ते हनुवंतियाचं. "काका, तिथे सरकारच तंबूंचं शहर उभं करतं, मग आपण केलं तर काय बिघडलं?" हा मुद्दा वजनाचा आहे, म्हणून नीट उत्तर देतो. हनुवंतिया इंदिरा सागरच्या काठावर आहे. ते जलाशय ९०० चौरस किलोमीटरहून मोठं, यशवंत सागर सगळा मिळून ८२३ हेक्टर, म्हणजे सव्वाआठ चौरस किलोमीटर. शंभर पटींहून जास्त फरक. दुसरं, तिथे पक्की शौचालयं, कचऱ्याची व्यवस्था, पगारी माणसं आहेत, इथे एक शेत आहे आणि आपले स्वयंसेवक, जे रात्री एकला स्वतः झोपलेले असतील. आणि तिसरं, हनुवंतियाचं नाव एवढ्या सहज घेऊ नका. त्या पाण्याखाली हरसूद आहे. २००४ च्या जूनअखेर अख्खं गाव लोकांनी स्वतःच्या हाताने भिंती पाडून रिकामं केलं. नेमाडात ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांना माहीत आहे. तिथे जाऊन बोटीत बसायला माझी ना नाही, पण तिथे जाऊन फक्त "व्ह्यू मस्त" म्हणून येणाऱ्यांचा मला राग येतो, तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आता आपल्या स्वच्छतेच्या अभिमानाकडे येतो. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं. कचरागाडीचं गाणं वाजलं की आपण ओला-सुका वेगळा घेऊन दाराशी हजर. छप्पन दुकानवर नमकीनचं रिकामं पाकीट खिशात ठेवणारे लोक आपण. मग तीच माणसं महापालिकेची हद्द ओलांडली की काय होतं? चोरलच्या ओढ्यात, पाताळपाणीच्या कड्यावर, तिंछाला, जिथे बघाल तिथे बाटल्या. माझं स्पष्ट मत आहे, आपल्याला स्वच्छतेची सवय लागलेली नाही, आपल्याला गाडीची सवय लागली आहे. गाडी येत नाही तिथे आपण जसे होतो तसेच आहोत. परवा एक जण म्हणालाच, "टेन्शन नका घेऊ काका, सकाळी निगमची गाडी बोलावून घेऊ." हेच ते!

याच्या उलट बाजूलाही एक जुनी तक्रार ऐकू येते, की आमच्या वेळी असं नव्हतं. पितळेचे डबे, सतरंज्या, पळसाच्या पत्रावळी, सायकलवर सिरपूर. खरं आहे, पण त्यात आमचा काही मोठेपणा नव्हता. आमची पिढी काही साधुसंत नव्हती. पत्रावळ उघड्यावरच टाकली जायची, पण ती पळसाची होती, एका पावसात माती झाली. आणि माणसं होती वीस, दोनशे नव्हेत. म्हणून "जुने लोक चांगले, नवे बेफिकीर" असं मी म्हणणार नाही. वस्तू बदलल्या आणि संख्या बदलली, तर वागणं बदलावंच लागतं. आजच्या साठीच्या वहिनी निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीसकट बिलावलीत सोडतात, तो तरुणांचा दोष नाही.

सगळ्यात जास्त आश्चर्य मला आपल्या परदेशातल्या मुलांचं वाटतं. मुलाकडे असताना कॅलिफोर्नियात टाहो सरोवराजवळच्या सरकारी उद्यानात दोन रात्री तंबूत राहिलो. कित्येक महिने आधी जागा राखून ठेवावी लागली. अन्न, टूथपेस्टसुद्धा, अस्वलासाठीच्या लोखंडी पेटीत बंद. जळाऊ लाकूड घरून आणायचं नाही, तिथलंच विकत घ्यायचं, कारण लाकडाबरोबर झाडांची कीड एका भागातून दुसऱ्या भागात जाते. आग फक्त ठरलेल्या लोखंडी कड्यात, निघताना पाणी ओतून राख हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. रात्री दहानंतर शांतता. शेजारच्या दोन्ही तंबूंत आपलीच मराठी पोरं, एक पुण्याचं आणि एक चक्क आपल्या रामबागेतलं. सगळे नियम तोंडपाठ, कपाळावर आठी नाही. तोच रामबागेचा पोरगा गेल्या हिवाळ्यात इथे आला आणि चोरलला गाडीच्या डिकीत स्पीकर लावून नाचला. फोटो त्यानेच टाकले होते. म्हणजे येत नाही असं नाही. येतं, पण इथे करायचं नाही, कारण इथे दंड नाही आणि "आपलंच तर आहे". आपलं आहे म्हणून जपायचं की आपलं आहे म्हणून वाट्टेल ते करायचं, याचं उत्तर मला त्याच्याकडून हवं आहे. तो ही पोस्ट वाचतो.

मी "जाऊच नका" वाला नाही. तसं म्हणणारेही दोघेतिघे आहेत गटात, माणूस गेला की निसर्ग संपला म्हणणारे. मला ते पटत नाही. ज्या पोराने सारस कधी बघितला नाही ते मोठं होऊन सारसासाठी एक अर्जही लिहिणार नाही. सिरपूर आज तलाव म्हणून शिल्लक आहे, प्लॉट पडले नाहीत, ते पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षे लावून धरलं म्हणून. ती माणसं आधी तिथे जाऊन पक्षी बघणारी, फोटो काढणारी माणसं होती. गेली, बघितलं, जीव जडला, मग भांडली. जायलाच पाहिजे. आणि मागच्या वर्षीसारखं हातमोजे घालून, फ्लेक्स लावून तासभर श्रमदान करायचं, फोटो झाल्यावर फ्लेक्स तिथेच सोडून यायचं, त्याला मी जाणं म्हणत नाही. २०२५ मध्ये अहिल्याबाईंची त्रिशताब्दी आपण पालख्या काढून साजरी केली. बाईंनी देशभर घाट आणि विहिरी बांधल्या. त्यांच्या शहरातल्या मंडळाने पिण्याच्या पाण्याच्या काठी एवढी तरी मर्यादा पाळावी.

तर माझा प्रस्ताव. दोनशे नको, तीस माणसांच्या तुकड्या करा, वेगवेगळ्या रविवारी. मुक्काम काठावर नको, गावात किंवा काठापासून दूर, जिथे पक्कं शौचालय आहे अशा शेतघरात. पहाटे चालत काठावर, दुर्बिणी घेऊन, गडद कपड्यांत, पक्षी उडणार नाहीत एवढ्या अंतरावरून बघायचं. दुर्बिणी चार माझ्या ओळखीत आहेत. जेवण घरच्या स्टीलच्या ताटांत. भांडी पाण्यापासून किमान ६० मीटर लांब, म्हणजे साधारण ऐंशी पावलं, आणि साबणाऐवजी राखेने. शेकोटी एकच, छोटी, लोखंडी घमेल्यात, म्हणजे जमीन जळत नाही आणि राख बरोबर आणता येते. बाभळी तोडायच्या नाहीत. गाणं म्हणायचंय तर पेटी-तबला शेतघरात, दहापर्यंत. आपल्यात इतके गाणारे असताना डीजे लागतोच कशाला, हे मला अजून कळलेलं नाही.

आणि प्रत्येक कुटुंबामागे पाचशे रुपये अनामत. जाताना एक पिशवी मिळेल, येताना आपला सगळा कचरा त्यात भरून आणायचा. पिशवी दाखवली की पाचशे परत, रिकामी दाखवून "आमचा कचराच झाला नाही" म्हणणाऱ्यांचे जमा. वही मी ठेवीन, पावती देईन, पै-पैचा हिशेब पुढच्या बैठकीत वाचून दाखवीन.

बैठक रविवारी सकाळी दहाला आहे, पोहे-जिलबी नेहमीप्रमाणे. डीजेवाल्याला अजून आगाऊ रक्कम दिलेली नाही, हे मी खजिनदारांकडून काल विचारून घेतलं आहे. पहिल्या तुकडीत ज्यांना यायचं आहे त्यांनी खाली नाव आणि घरातली किती माणसं ते लिहावं. तीस झाली की पुढची नावं दुसऱ्या रविवारात टाकतो.