शिकवणार कोण, ते आधी सांगा

या आठवड्यात डोकं फिरवलं ते एका पत्रकानं. पेपरातून घरोघरी पडतं तसलंच नेहमीचं पत्रक: चाळिशीनंतरही गाडी शिका, पंधरा दिवस, रोज अर्धा तास, एसी कार, घरापासून पिकअप, महिलांसाठी वेगळी बॅच, लायसन्स हमखास. गाडीचं मॉडेल छापलंय, फी हप्त्यानं भरायची सोय छापलीय. शेजारच्या सीटवर बसून शिकवणार कोण, त्याचा मात्र पत्ता नाही. तबला शिकायला जाताना आपण आधी गुरुजी कोण ते विचारतो, तबले कुठल्या दुकानातले ते नाही. जिवाशी गाठ असलेल्या या विद्येत उलटा कारभार चालतो. पत्रकातला हिशेबही बघा. पंधरा दिवस अर्धा अर्धा तास म्हणजे साडेसात तास. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे खासगी मोटारीचं प्रशिक्षण किमान २१ दिवसांचं आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणं किमान १० तासांचं हवं. शिवाय आडमार्गानं लायसन्स काढून देऊ असा समज शिकाऊ माणसाच्या मनात भरवायला त्याच नियमांची मनाई आहे. ‘हमखास’ लायसन्स याहून वेगळं काय असतं? पण एजंट आणि आरटीओ यांच्याबद्दलचं माझं मत या जागेवर पुष्कळदा येऊन गेलंय. आज मुद्दा त्या न छापलेल्या नावाचा.

शिकवणाऱ्याच्या नावानं किती फरक पडतो, हे ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या पुण्या-मुंबईच्या मंडळींना चांगलं ठाऊक असतं. इथल्या लायसन्सवर तिथं १२ महिने गाडी चालवता येते. पुढे तिथली परीक्षा द्यावी लागते आणि दहा-दहा वर्षं इथं गाडी चालवलेली माणसंही शिकवणी लावतात. तिथं परवाना मिळतो तो शिकवणाऱ्या माणसाला. पैसे घेऊन मोटार शिकवायची तर सरकारी नोंदवहीत तुमचं स्वतःचं नाव हवं, ही सक्ती १९७० पासूनची. शिकवताना गाडीच्या काचेवर फोटोसकट बिल्ला लावायचा: पूर्ण पात्र असेल तर हिरवा, अजून उमेदवारी चालू असेल तर गुलाबी. म्हणजे पैसे मोजणाऱ्याला रस्त्यावरूनच कळतं की समोरचा पक्का आहे की कच्चा. हिरव्या बिल्ल्यासाठी तीन परीक्षा आहेत. पहिली ज्ञानाची आणि धोका ओळखण्याची, दुसरी स्वतः गाडी चालवण्याची आणि तिसरी दुसऱ्याला शिकवण्याची. या तिसऱ्या परीक्षेत परीक्षक मागच्या सीटवर बसून प्रत्यक्ष शिकवणी बघतो आणि ५१ पैकी गुण देतो. ३१ ला पास. पण जोखीम सांभाळण्याच्या भागात ७ किंवा त्याहून कमी मिळाले, तर बाकी कितीही गुण असोत, नापास. त्या भागातला एक निकष मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: गाडीतल्या धोक्याची जबाबदारी कोणी किती घ्यायची, हे शिकवणाऱ्यानं विद्यार्थ्याला नीट समजावून दिलं का? बिल्ला मिळाल्यावरही सुटका नाही. चार वर्षांतून एकदा तरी पुन्हा तपासणी होतेच.

आता आपल्याकडचं बघा. परवाना मिळतो ड्रायव्हिंग स्कूलला. शिकवणाऱ्याकडून नियम काय मागतो? दहावी पास, पाच वर्षं गाडी चालवल्याचा अनुभव, मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्र, वाहतुकीच्या खुणांची माहिती. गाडीचे भाग समजावून सांगता यायला हवेत, असंही त्यात आहे. वाईट काहीच नाही; पण हे सगळं यंत्राचं ज्ञान झालं. घाबरलेल्या माणसाला चढावर हाफ क्लच शिकवता येतो का, हे कोणी मागच्या सीटवर बसून तपासत नाही. त्याचे परिणाम डबल कंट्रोलच्या गाडीत दिसतात. शिकवणाऱ्याच्या पायाशी ब्रेक हवा हे योग्यच, नियमानंही ते बंधनकारक केलंय. पण कमकुवत शिक्षक त्याच पायानं अख्खा कोर्स चालवतो. विद्यार्थ्याच्या हातात फक्त स्टिअरिंग. क्लच, ब्रेक आणि निर्णय सगळे डावीकडे. पंधराव्या दिवशी विद्यार्थ्याला वाटतं गाडी आली, आणि सोळाव्या दिवशी स्वतःच्या गाडीत सोसायटीच्या गेटवरच ती बंद पडते. जबाबदारी कोणाची किती हे कधी ठरलेलंच नसतं. (गतिरोधकांचा विषय निघाला नाही तर नेहमीच्या वाचकांना चुकल्यासारखं वाटेल. माझा जुना संशय असा की, आपल्या शहरांतले निम्मे गतिरोधक हे न शिकवलेल्या ब्रेकची भरपाई आहेत. पुरावा नाही, संशय मात्र पक्का आहे.)

मोठ्या वयात शिकणाऱ्याला याचा फटका जास्त बसतो. अठराव्या वर्षी पोरं नकलेनं शिकतात आणि पडून-झडून सुधारतात. चाळिशीतल्या माणसाला आधी कारण हवं असतं. आरसा आत्ताच का बघायचा, गिअर आत्ताच का बदलायचा, समोरचा रिक्षावाला वळणार हे कशावरून ओळखायचं. त्याला अपघाताची कल्पना करता येते, म्हणूनच तो घाबरतो. आणि ‘मॅडम, घाबरू नका, मी आहे ना’ हे त्यावरचं सगळ्यांत निरुपयोगी उत्तर आहे, कारण महिनाभरानं हे म्हणणारा शेजारी नसणार. असा शिकाऊ मंद नसतो, चिकित्सक असतो. कारण सांगू शकणारा माणूस मिळाला की तो पटकन शिकतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येईल. तिथली शिकवणी महाग, इथं एवढ्याशा फीत काय मिळणार? मान्य. तिथल्या सरकारी यंत्रणेच्या अंदाजानं पास होणारा माणूस सरासरी ४५ तास शिकवणी आणि २२ तास खासगी सराव करतो. तेवढे तास इथं कोणी विकत घेणार नाही. तासाला पैसे पडतात. पण शिकवणाऱ्याचं नाव सांगायला छदाम लागत नाही. दुसरा आक्षेप: आपली वाहतूकच वेगळी, तिथले धडे इथं काय कामाचे? उलट, जिथं समोरचा नियम पाळेल याची खात्री नाही, तिथंच धोका आधी ओळखायला शिकवणारा माणूस जास्त लागतो. पार्किंग काय, मोकळ्या मैदानात कोणीही शिकवेल. तिसरा आक्षेप घरातला असतो: नवरा किंवा भाऊ शिकवेल की. सरावाला जरूर न्या, तिथंही नेतात. पण पहिले धडे त्याच्याकडून नकोत. साध्या गाडीत त्याच्या पायाशी ब्रेक नसतो आणि तोंडाला तर कोणाच्याच घरात नसतो.

‘आता सरकारनं नवी केंद्रं काढलीत की,’ असंही कोणी म्हणेल. १ जुलै २०२१ पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. हलक्या वाहनाचा अभ्यासक्रम चार आठवड्यांत २९ तासांचा, त्यात ८ तास वर्गातले आणि २१ तास प्रात्यक्षिकाचे. कागदावर ही मोठी सुधारणा आहे आणि तासांच्या बाबतीत मी तिचं स्वागतच करतो. पण तिथून पास झालेल्याला आरटीओची चालवण्याची परीक्षा माफ. जो शिकवतो तोच पास करतो. ब्रिटनमध्ये परीक्षक वेगळा असतो, निम्म्याच्या आसपास लोक नापास होतात, आणि विद्यार्थ्यांच्या परीक्षेतल्या चुका शिकवणाऱ्याच्या खाती जमा होऊन त्याची तपासणी आधी लागू शकते. आपण जमीन, ट्रॅक आणि सिम्युलेटर मोजले. माणूस पुन्हा राहिला.

कायदा बदलेपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. परवान्याबरोबरच शिकवणाऱ्यांची नावंही ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात ठळक जागी लावायची, हे आजच्याच नियमांत आहे. कोणी किती तास गाडी चालवली याची नोंदवही फॉर्म १५ मध्ये ठेवायची असते, त्यावर शिकवणाऱ्याची आणि विद्यार्थ्याची, दोघांची सही हवी. फी भरायच्या आधी ती पाटी बघा, नोंदवही मागा आणि तुम्हाला शिकवणाऱ्या माणसाला अर्धा तास दुसऱ्याला शिकवताना मागच्या सीटवरून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाले, तर दुसरं स्कूल शोधा.