वाड्यातलं बिऱ्हाड आणि त्याचा उतारा

संगणकाच्या शाखेला गेलेली मुलं सुट्टीत घरी आली की आई-वडिलांची एक तक्रार हमखास कानावर येते. "सर, दिवसभर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं टाइप करतोय की! चित्र नाही, माउस नाही. अभ्यास आहे का खेळ, काही कळत नाही." माझा विषय भाषा. पण कॉलेजात ग्रंथालयाचं काम थोडंफार अंगावर असल्यामुळे या काळ्या पडद्याशी माझीही ओळख झाली आहे. तेव्हा या आठवड्यात त्याच्याबद्दलच लिहितो.

तो पडदा बहुधा लिनक्सचा असतो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली आज जगातल्या बहुतेक मोठ्या सर्व्हरवर चालते. आणि तुमचा मुलगा त्या पडद्यावर बऱ्याचदा एखादा 'कंटेनर' उघडून बसलेला असतो. हा कंटेनर म्हणजे काय, हे समजायला आपल्याकडचा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. कन्नडमध्ये ज्याला वठार म्हणतात तोच. दरवाजा एक, आड एक, छप्पर एक. पण आत चार बिऱ्हाडं. प्रत्येकाची चूल वेगळी, कुलूप वेगळं, एकाच्या कपाटात काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही. वाड्याचा आड म्हणजे लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल. तो सगळ्यांना सामाईक. बिऱ्हाड म्हणजे कंटेनर. प्रत्येकाला वेगळं घर बांधून देण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, म्हणून जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरसुद्धा पाच-सहा बिऱ्हाडं सुखाने नांदतात.

यातला नावांचा घोळ मात्र आधी सांगायला हवा, कारण मुलंही त्यात अडकतात. २००८ साली 'एलएक्ससी' आलं. पुढे त्याच्यावर उभारलेलं 'एलएक्सडी' आलं. आणि गंमत अशी, की एलएक्सडी चालवायच्या कमांडचं नावही 'एलएक्ससी'च ठेवलं. मग जुन्या पद्धतीत 'एलएक्ससी-कॉपी' मध्ये रेघ देऊन लिहायचं आणि नव्यात 'एलएक्ससी कॉपी' जागा सोडून. एका रेघेने अर्थ बदलतो. आपल्याला अनुस्वाराची सवय आहे म्हणून ठीक! २०२३ साली एलएक्सडीची सूत्रं कॅनॉनिकल या कंपनीने पूर्णपणे आपल्या हातात घेतली, तेव्हा त्यातून वेगळी शाखा फुटली, तिचं नाव 'इन्कस'. मी पुढे इन्कसच्याच कमांड देतो. छापायच्या सोयीसाठी त्या देवनागरीत आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी अक्षरांत. कंटेनरचं नावही इंग्रजी अक्षरं, अंक आणि रेघ एवढ्यातच बसवावं लागतं.

आता उदाहरण. समजा, आपल्या भागातल्या एखाद्या गावचं वाचनालय आहे. आठ हजार पुस्तकं, निम्मी मराठी, निम्मी कन्नड. त्यांची यादी 'कोहा' या सॉफ्टवेअरमध्ये आहे. कोहा फुकट मिळतं. न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयात २००० सालच्या जानेवारीत ते पहिल्यांदा सुरू झालं आणि माओरी भाषेत त्या शब्दाचा अर्थच भेट किंवा देणगी असा आहे. दोन्ही लिप्या त्यात नीट बसतात. ही यादी कुणी आयती दिलेली नसते. निवृत्त शिक्षक, शिकणाऱ्या मुली, रविवारी येणारे दोन-चार जण, अशांनी एकेक पुस्तक हातात घेऊन, मुखपृष्ठ पुसून, लेखकाचं नाव टाइप केलेलं असतं. दोन-तीन वर्षांचं काम. आणि एक दिवस कोहाची नवी आवृत्ती घालायची वेळ येते.

इथे पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. कारण आवृत्ती बदलताना फक्त प्रोग्रॅम बदलत नाही, माहितीच्या तक्त्यांची रचनाही बदलते. मध्येच वीज गेली किंवा काही अडलं, तर जुना प्रोग्रॅम परत टाकून भागत नाही. यादी अर्धी जुन्या आणि अर्धी नव्या रचनेत लोंबकळत राहते.

कोहा कंटेनरमध्ये असेल तर आवृत्ती बदलण्याआधी मुलाने एकच ओळ टाइप करायची: 'इन्कस स्नॅपशॉट क्रिएट वाचनालय अपडेटपूर्वी'. वाचनालय हे बिऱ्हाडाचं नाव, अपडेटपूर्वी हे आपण दिलेलं खुणेचं नाव. बस्स. या क्षणी बिऱ्हाडात जे जसं होतं त्याचा उतारा निघाला. उतारा हा शब्द मुद्दाम वापरतो, कारण आपल्याकडे तो मराठीत आणि कन्नडमध्ये एकच आहे. जमिनीचा असो की घराचा, अमुक तारखेला कागदावर काय होतं ते तो सांगतो.

मला नवल वाटलं ते वेळेचं. पाच-सहा जीबीचं बिऱ्हाड, आणि उतारा निघायला जेमतेम एक-दोन सेकंद! याचं कारण असं, की खरं तर काहीच नकलून घेतलेलं नसतं. वहीत जुनं पान न फाडता दुरुस्ती नव्या पानावर लिहावी, आणि कुठलं पान कुठल्या तारखेचं एवढीच नोंद ठेवावी, तशी ही रीत आहे. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस प्रकारची साठवण असेल तर असं होतं. साठवण साध्या फोल्डरची असेल, ज्याला 'डिर' म्हणतात, तर मात्र प्रत्येक उताऱ्याला सगळं खरोखर नकललं जातं. वेळही लागतो, जागाही. 'इन्कस स्टोरेज लिस्ट' असं विचारलं की आपली साठवण कुठली ते कळतं. मुलाला हा प्रश्न जरूर विचारा. त्याला उत्तर देता आलं तर अभ्यास चालू आहे असं समजायला हरकत नाही.

या रीतीचा एक तिरपागडा परिणाम आहे. जागा भरत आली म्हणून तुम्ही आतल्या मोठ्या फाइली खोडता, पण जागा काही सुटत नाही. कारण जुना उतारा ती पानं धरून बसलेला असतो. उतारा काढून टाकेपर्यंत ती जागा मोकळी होत नाही. म्हणून रोज आपोआप उतारा निघावा अशी सोय केली ('स्नॅपशॉट्स.शेड्यूल'), तर तो किती दिवसांनी आपोआप जावा ('स्नॅपशॉट्स.एक्स्पायरी') हेही त्याच वेळी ठरवावं. सात दिवस पुरेत.

चालू बिऱ्हाडाचाही उतारा निघतो. पण तो चुलीवरचं दूध अर्धं उतू जाताना काढलेल्या फोटोसारखा असतो. माहितीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम काही गोष्टी स्मरणात धरून असतो, त्या डिस्कवर उतरलेल्या नसतात. बहुतेक वेळा तो प्रोग्रॅम स्वतःला सावरून घेतो. तरी महत्त्वाच्या कामाआधी 'इन्कस स्टॉप वाचनालय' करून मगच उतारा काढावा असं माझं मत. वाचनालय पाच मिनिटं बंद राहिल्याने कुणाचं बिघडत नाही.

समजा, नवी आवृत्ती बिनसली. 'इन्कस स्नॅपशॉट रिस्टोअर वाचनालय अपडेटपूर्वी' म्हटलं की सगळं पूर्ववत. लगेच लक्षात आलं असेल तर हे उत्तमच. पण बिघाड चार दिवसांनी लक्षात आला असेल तर? मागे जाणं म्हणजे संपूर्ण मागे जाणं. त्या चार दिवसांत नोंदवलेली पुस्तकं, नवे सभासद, परत आलेली पुस्तकं, सगळं जातं. आणि ज्या आजोबांनी मंगळवारी पुस्तक परत केलं त्यांच्या नावावर ते पुन्हा थकीत दिसू लागतं. शिवाय साठवण झेडएफएसची असेल तर सरळ मागे जाता येतं ते शेवटच्या उताऱ्यापर्यंतच. त्याआधीचा हवा असेल तर मधले उतारे मोडायला परवानगी द्यावी लागते. घाईत ती देऊ नये.

त्याऐवजी उताऱ्यावरून दुसरं बिऱ्हाड थाटावं: 'इन्कस कॉपी वाचनालय/अपडेटपूर्वी चाचणी'. मूळ बिऱ्हाड आहे तसंच राहतं, आणि शेजारी 'चाचणी' नावाचं त्या दिवशीचं बिऱ्हाड उभं राहतं. आत जाऊन बघावं, हवी ती नोंद उचलून आणावी. नवी आवृत्तीसुद्धा आधी इथेच घालून पाहावी आणि मगच खऱ्या बिऱ्हाडाला हात लावावा. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कमांड हीच.

मात्र नक्कल ही नक्कल आहे हे तिला स्वतःला ठाऊक नसतं. तिचा नेटवर्कचा पत्ता, म्हणजे मॅक ॲड्रेस, इन्कस नवा देतं. पण आत कुणी आयपी पत्ता हाताने ठरवून ठेवला असेल तर दोन बिऱ्हाडांच्या दारावर एकच घर नंबर लागतो आणि पोस्टमन गोंधळतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, कोहा ठरलेल्या वेळी थकीत पुस्तकांच्या आठवणी ईमेलने पाठवू शकतं. ती सोय चालू असेल तर नक्कलही तितक्याच इमानाने त्या पाठवायला लागते. पुस्तक परत केलेल्या माणसाला 'पुस्तक परत करा' असं पत्र गेलं, की गावात वाचनालयाची शोभा होते. कॉपी केल्यावर कंटेनर बंदच असतो, तेव्हा सुरू करण्यापूर्वी बाहेरची वाट बंद करावी: 'इन्कस कन्फिग डिव्हाइस ॲड चाचणी ईटीएच० नन'. ईटीएच० हे नेहमीचं नेटवर्कचं नाव, आणि शेवटचा 'नन' म्हणजे काहीही नाही. मग सुरू करून 'इन्कस एक्झेक' या कमांडने आत शिरायचं, त्याला नेटवर्क लागत नाही. पत्र पाठवायची सोय बंद करून झाली की वाट पुन्हा उघडावी.

आणि नक्कल मित्राला पेन ड्राइव्हवर देताना थोडं थांबावं. तिच्यात सभासदांचे फोन नंबर, पत्ते, कुणी काय वाचलं, सगळं असतं. प्रयोगासाठी हवं असेल तर खोटे सभासद घालून वेगळं बिऱ्हाड करावं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. उतारे आहेत म्हणून निर्धास्त झालेली बरीच मंडळी भेटतात. पंधरा उतारे, नीट तारखा घातलेले. ते ठेवलेत कुठे? त्याच संगणकात, त्याच डिस्कवर, पानं तर मूळ वहीशी सामाईक. डिस्क गेली की मूळही गेलं आणि पंधराही गेले. इतकंच नाही, तर 'इन्कस डिलीट वाचनालय' असं कुणी म्हटलं, तर बिऱ्हाडाबरोबर त्याचे सगळे उतारेही जातात. वाडा पाडणाऱ्याला माळ्यावरची कागदपत्रं वेगळी दिसत नाहीत. यावर कुलूप आहे: 'सिक्युरिटी.प्रोटेक्शन.डिलीट' ही सेटिंग 'ट्रू' केली की डिलीट नकार देतं. पण जळलेल्या डिस्कला हे कुलूप काय करणार?

तिथे उपयोगी पडतं 'इन्कस एक्स्पोर्ट वाचनालय'. त्याच्यापुढे फाइलचं नाव द्यायचं. अख्खं बिऱ्हाड एका गाठोड्यात बांधलं जातं, ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर घालता येतं. उतारे नको असतील तर 'इन्स्टन्स-ओन्ली' हा पर्याय जोडावा, गाठोडं हलकं होतं. आठवड्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी वाचनालय बंद करताना, पुरे. ती डिस्क वाचनालयाच्याच कपाटात ठेवू नये, कार्यवाहांच्या घरी न्यावी.

महिन्या-दोन महिन्यांनी ते गाठोडं दुसऱ्या संगणकावर 'इन्कस इम्पोर्ट' करून उघडून बघावं. त्या संगणकावर त्याच नावाचं बिऱ्हाड आधीपासून असेल तर इन्कस अडवतं. मग फाइलच्या नावापुढे एक नवं नाव द्यायचं. इथेही नेटवर्कची वाट आधी बंद करायची, मगच सुरू करायचं. यादीत शेवटी नोंदवलेलं एक मराठी आणि एक कन्नड पुस्तक शोधून पाहायचं. हे काम सुट्टीत घरी आलेल्या मुलाला सांगावं, त्याचा काळा पडदा नाहीतरी उघडाच असतो.