मनोनिग्रहाचे फर्मान

धूम्रपान सोडणे हा केवळ मनाचा प्रश्न असून ज्याला ते सुटत नाही त्याला मुळात सोडायचेच नसते, असा निवाडा एका विद्वान गृहस्थांनी परवा व्याख्यानपीठावरून दिला, आणि जन्मात विडीला न शिवलेल्या श्रोत्यांनी टाळ्यांच्या गजरात तो कायम केला. त्यांची कैफियत थोडक्यात अशी: तंबाखू जड, मन चेतन, चेतनाने हुकूम सोडावा, जडाने तो मुकाट्याने मानावा, औषधे, सल्ला वगैरे दुर्बळांचे चोचले. (व्याख्याते स्वतः तपकीर ओढतात, पण तिची गणना ते तंबाखूत करीत नसावेत.)

या युक्तिवादातील मुख्य दोष असा की, हुकूम सोडणारे मन शरीराबाहेर कोठे तरी निराळी कचेरी थाटून बसले आहे, असे त्यात गृहीत धरले आहे. झुरक्यासरशी काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचते, दोनएक तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते, आणि वर्षानुवर्षांच्या सेवनाने मेंदूतील त्याचे ग्राही वाढलेले असल्यामुळे पुढच्या झुरक्याची मागणी सुरू होते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचीड, झोपमोड, कशात चित्त न लागणे यांचा जो कहर होतो तो त्याच मेंदूत, जेथे या गृहस्थांचा मनोनिग्रह वास करतो. आरोपीच्याच पगारावर असलेल्या मुन्सफाकडून हे निःपक्षपाती निकालाची अपेक्षा करतात! चहाचा पेला खाली ठेवताच उजवा हात आपण होऊन खिसा चाचपतो, पानपट्टीच्या खांबाला टांगलेली, टोकाशी धुमसणारी सुतळी दिसली की पावले थबकतात. यांतले कोणते कृत्य मनाची परवानगी घेऊन होते? निकोटीन व्यसन जडवते, हे अमेरिकेच्या सर्जन जनरलांच्या अहवालाने १९८८ सालीच निःसंदिग्धपणे सांगितले. ती वार्ता आमच्या व्याख्यानमालांपर्यंत अद्याप पोहोचायची आहे.

एका रात्रीत विडी सोडणाऱ्या मामांचा दाखला त्यांनी दिला. ज्यांना सुटली नाही ते मामा व्याख्यानात येत नाहीत, एवढेच त्यावर उत्तर.

चहा हिंदुस्थानात नवा होता तेव्हा त्याच्याविरुद्धही असाच मनोनिग्रहाचा घोष झाला होता, आणि त्या घोषाचे काय झाले ते कोणत्याही स्टेशनाच्या फलाटावर पाहावे. पण ते असो.

मनाला काही कामच नाही, असे माझे म्हणणे नाही. त्याचे काम फर्माने काढण्याचे नसून बंदोबस्ताचे आहे: तारीख मुक्रर करावी, घरात वर्दी द्यावी, रक्षापात्र भंगारात घालावे, चहाची जागा बदलावी, डॉक्टरांना विचारून निकोटीनचा डिंक चघळावा, आणि २०१८पासून पाकिटावरच छापला जाणारा मदतीचा दूरध्वनी क्रमांक निःसंकोच फिरवावा. इतके करूनही चौथ्या दिवशी कोणी घसरलाच, तर त्याने नवी तारीख ठरवावी. व्याख्यानाला तेवढे जाऊ नये.