कॅमेऱ्याची साक्ष

पूर्वी घराची राखण म्हटली म्हणजे दारातला कुत्रा आणि ओसरीवर खोकत बसलेले आजोबा, एवढीच असे. आता शहरांतच नव्हे, तर आमच्या खेड्यांतूनही दारावर, गोठ्यावर, कांद्याच्या चाळीवर आणि किराणा दुकानाच्या गल्ल्यावर कॅमेऱ्याचा डोळा बसला आहे. हा राखणदार रात्री झोपत नाही, हे खरे. परंतु कुत्रा भुंकला तर साऱ्या आळीस कळते. कॅमेऱ्याने पाहिलेले मात्र त्याच्या पेटीतून बाहेर काढावे लागते, आणि ते नीट कसे काढावे हे पुष्कळ कुटुंबांस ठाऊक नसते.

हैदराबाद येथील हिमायतनगर भागात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या आमच्या एका वाचकाने ह्याच विषयावर आम्हांस पत्र लिहिले आहे. त्यांच्या इमारतीच्या तळमजल्यावरून त्यांच्या मुलाची दुचाकी रात्रीत नाहीशी झाली. सोसायटीच्या कॅमेऱ्याचे चित्रण त्यांनी पेनड्राइव्हवर उतरवून घेतले, पण घरच्या संगणकावर ते उघडेना. शेजारच्या एका होतकरू मुलाने ते ‘कन्व्हर्ट’ करून दिले. त्या नव्या फाइलीच्या हिशेबाने पाहता, दुचाकी गेली तेव्हा पहारेकरी आपल्या जागेवर नव्हता. पहारेकरी पालमूरकडून पोट भरावयास आलेला गरीब मनुष्य. तो म्हणतो, ‘मी जागेवरच होतो.’ सोसायटीतील काही मंडळी म्हणतात, ‘कॅमेरा खोटे बोलत नाही, ह्याला काढून टाका.’ आमचे वाचक विचारतात, ‘खरे कोणाचे मानावे?’

प्रश्न एका दुचाकीचा दिसतो; परंतु त्यात एका कुटुंबाची भाकरी गुंतलेली आहे. म्हणून त्याचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम हे समजून घ्यावे की, कॅमेरा जे पाहतो ते एका पेटीत साठते. तिला डी.व्ही.आर. किंवा एन.व्ही.आर. म्हणतात. सारे चित्रण जसेच्या तसे ठेवावयाचे तर कोणतीही पेटी पुरणार नाही. म्हणून ते दाबून लहान करावे लागते. दाबण्याच्या ह्या रीतीस कोडेक असे नाव आहे. सध्याच्या बहुतेक पेट्यांत २००३ साली प्रमाण ठरलेली एच.२६४ अथवा २०१३ सालची एच.२६५ ही रीत असते. दाबलेला हा माल मग एका वेष्टनात भरतात. एम.पी.४ आणि ए.व्ही.आय. ही वेष्टने सर्व संगणकांच्या ओळखीची आहेत. परंतु काही कंपन्या आपले स्वतःचे वेष्टन वापरतात; उदाहरणार्थ, दाहुआ ह्या चिनी कंपनीच्या पेट्यांतून निघणाऱ्या फाइलींच्या नावाशेवटी ‘डी.ए.व्ही.’ अशी अक्षरे असतात. अशी फाइल घरच्या संगणकावर उघडत नाही, तेव्हा ती बिघडली असे समजू नये. आतले धान्य तेच आहे. गोणीची गाठ तेवढी निराळी आहे.

ही गाठ सोडविण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे पेटी बनविणाऱ्या कंपनीचाच प्लेअर वापरणे. पुष्कळ पेट्या चित्रण पेनड्राइव्हवर उतरविताना हा प्लेअरही सोबत उतरवितात. न उतरल्यास तो कंपनीच्या संकेतस्थळावरून विनामूल्य घेता येतो. दुसरा मार्ग व्ही.एल.सी. ह्या प्लेअरचा. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी ज्या कामाचा आरंभ केला त्यातून तो निपजला, आणि तो आजही फुकट मिळतो. अनेक अनोळखी वेष्टने तो उघडून दाखवितो. मात्र कोठल्याही अनोळखी संकेतस्थळावर ‘येथे फाइल टाका, बदलून देऊ’ असे दिसले, तर तिकडे आपल्या घरातील बायकामुलांचे चित्रण पाठवू नये. आपले दार ज्याने राखावयाचे, त्याची डोळ्यांदेखतची नोंद परक्याच्या हाती देण्यात कसले शहाणपण?

आता रूपांतराविषयी. रूपांतर दोन प्रकारचे असते, आणि त्यांतील भेद आमच्या गृहिणींस चटकन कळेल. एका गोणीतील जोंधळे दुसऱ्या गोणीत ओतले तर दाणा तोच राहतो. दाबलेले चित्रण जसेच्या तसे एका वेष्टनातून काढून दुसऱ्यात भरणे हा पहिला प्रकार, एफ.एफ.एम्पेग नावाचे विनामूल्य साधन हे काम नुसती नक्कल करून, दाण्यास धक्का न लावता करू शकते. दुसरा प्रकार म्हणजे दाणे जात्यात घालणे. हँडब्रेकसारखी साधने चित्रण पूर्ण उलगडून पुन्हा नव्याने दाबतात. त्यात बारकावे झिजतात. गाडीच्या पाटीवरील आकडा, चेहऱ्यावरील व्रण, सदऱ्याचा रंग पुसट होतो. व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ नेहमीच्या रीतीने पाठविला तरी तो असाच दळला जातो. पाठवावयाचाच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. पिठाची भाकरी होते, हे कबूल. पण पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. म्हणून दळावयाचे ते पसाभर दळावे, पेव रिकामे करू नये.

दळण्यात आणखी एक धोका आहे, आणि आमच्या वाचकांनी पहारेकऱ्यास दोष देण्यापूर्वी तो तपासलाच पाहिजे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक भराभर दाखविलेली चित्रे. घरगुती कॅमेरे पुष्कळदा सेकंदास १५ चित्रे टिपतात. ही गती काही फाइलींत स्पष्ट लिहिलेली नसते. मग रूपांतर करणारे साधन आपल्याच अंदाजाने २५ धरून चालते. अशा वेळी १० मिनिटांचे चित्रण ६ मिनिटांत संपते. संथ चालणारा मनुष्य पळताना दिसतो, आणि कोण किती वेळ कोठे होता हा सारा हिशेब चुकतो.

शिवाय पेटीतील घड्याळ बरोबर असतेच असे नाही. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. पेटी बसविणाऱ्याने तो फरक दुरुस्त केला नाही, तर रात्रीचे साडेअकरा वाजले असता पडद्यावर दुसऱ्या दिवसाचे पहाटेचे दोन दिसतील. पेटीतील लहान घड्याळी सेल संपला तर तारीखही मागे जाते. तेव्हा चित्रण उतरविताना पेटीच्या पडद्यावरील वेळ आणि आपल्या मोबाइलवरील वेळ शेजारी शेजारी ठेवून फोटो घ्यावा. पाच पैशांचा खर्च नाही. पण ह्या एका फोटोने एखाद्याची नोकरी वाचू शकेल.

काही मिनिटांच्या वेळेस केवढे मोल असू शकते, ह्याचे उदाहरण आपल्याच मराठी मुलखात घडले आहे. हिमायतनगर ज्या शहरात आहे त्याच हैदराबादच्या संस्थानात जालना एके काळी मोडत असे. ह्या जालना मतदारसंघात २०१४ सालच्या विधानसभा निवडणुकीत श्री. अर्जुन खोतकर हे श्री. कैलास गोरंट्याल ह्यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी विजयी झाले. गोरंट्याल न्यायालयात गेले. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजता संपत होती, आणि खोतकरांचे अर्ज त्यानंतर दाखल झाले, अशी त्यांची तक्रार होती. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत व बाहेर कॅमेऱ्यांनी चित्रण झाले होते. त्यावरून घड्याळाचा प्रश्न सुटावयाचा होता.

परंतु न्यायालयापुढे आल्या त्या चित्रणावरून उतरविलेल्या तबकड्या, म्हणजे नकला. अशा नकलेसोबत ती कोणत्या यंत्रातून व कशी निघाली हे सांगणारे प्रमाणपत्र कायद्याने हवे असते. ते पुन्हा पुन्हा मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. औरंगाबाद येथील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१७ साली निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अखेरचा निकाल दिला. त्यात न्यायमूर्तींनी बजावले की, नकलेस प्रमाणपत्र अवश्य हवे; मात्र मागणाऱ्याने सर्व प्रयत्न करूनही ज्याच्या हाती यंत्र आहे तो देत नसेल, तर त्याची शिक्षा मागणाऱ्यास नको. खोतकरांचे अपील फेटाळले गेले. आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याच निकालातील दुसरे एक वाक्य फार महत्त्वाचे आहे. ज्या यंत्रात नोंद मुळात झाली तेच यंत्र त्याच्या मालकाने न्यायालयात आणून शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही.

म्हणजे मूळ हा स्वतःच साक्षीदार आहे. नक्कल मात्र कोणीतरी आणलेली असते. तिला ओळख पटवून द्यावी लागते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या ६३ व्या कलमानुसार हे प्रमाणपत्र आता दोन भागांत द्यावयाचे असते. एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने. त्यात फाइलीचा ‘हॅश’ही लिहावयाचा असतो. हॅश म्हणजे फाइलीच्या अंगठ्याचा ठसाच म्हणावयाचा. सबंध फाइलीवरून गणिताने काढलेली ती एक खूण असते, आणि फाइलीत तिळाएवढा फेरफार झाला तरी ती बदलते. विंडोज संगणकात ती काढण्याची सोय मुळातच आहे. चित्रण उतरविल्याबरोबर, कोणी ते हाताळण्यापूर्वीच, ही खूण काढून कागदावर लिहून ठेवावी.

ह्या कामात विलंबही चालत नाही. चार कॅमेरे असतील आणि प्रत्येकाचे चित्रण सेकंदास २ मेगाबिट ह्या वेगाने साठत असेल, तर दिवसाकाठी सुमारे ८६ गीगाबाइट जागा लागते. एक टेराबाइटची हार्ड डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. त्यानंतर पेटी जुने पुसून त्यावरच नवे लिहू लागते. हैदराबादेत २०१३ सालच्या सार्वजनिक सुरक्षा कायद्यानुसार, जेथे एका वेळी शंभर वा अधिक माणसे जमतात अशा दुकानांनी, इस्पितळांनी, शाळांनी व प्रार्थनास्थळांनीही कॅमेरे बसवून चित्रण ३० दिवस जपावयाचे असते. घरच्या पेटीला मात्र आपल्यावाचून कोणी विचारणारा नाही. चोरी झाली, अपघात झाला, तर त्याच दिवशी चित्रण उतरवावे; जमल्यास हार्ड डिस्कच काढून बाजूला ठेवावी आणि पेटीत दुसरी बसवावी.

उतरविताना नेमका चोरीचा क्षणच तेवढा घेऊ नये. आधीचा अर्धा तास आणि नंतरचा अर्धा तासही घ्यावा. कापलेले चित्रण काय अनर्थ करते, हे आपण २०१८ साली पाहिले आहे. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेविषयी लोकांस जागे करण्यासाठी एक लहान चित्रपट बनविला होता. तो रस्त्यावरच्या कॅमेऱ्याने टिपल्यासारखा दिसे. मोटारसायकलवरील दोघेजण खेळणाऱ्या मुलांतून एकास उचलून नेतात, आणि शेवटी त्यास परत आणून सोडतात व बोधवाक्य दाखवितात, अशी त्याची रचना. कोणीतरी हा शेवट कापला, आणि उरलेला भाग मुले पळविणाऱ्या टोळीचा पुरावा म्हणून भारतभर मोबाइलवरून फिरला. अफवांच्या त्याच दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी हिंडणाऱ्या पाच निरपराध माणसांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण लहानपणी शिकलो. ती आता बोटाच्या एका स्पर्शाने मोडते, इतकाच काळाचा फरक.

म्हणून हिमायतनगरच्या बंधूंस आमचे उत्तर असे : रूपांतरित फाइलीवरून काहीही ठरवू नका. सोसायटीच्या पेटीपाशी जा, तिचे घड्याळ ताडून पाहा, आणि मूळ चित्रण त्याच पेटीवर, पहारेकऱ्यासही शेजारी बसवून, पूर्ण पाहा. मग मूळ फाइल आणि तक्रार पोलिसांकडे द्या. ज्याच्यावर आळ आहे त्याचा चेहरा सोसायटीच्या समूहात फिरवू नका.

आणि सर्व वाचकांस आमचे सांगणे एवढेच. पाहण्यासाठी हव्या तितक्या नकला करा, हवी ती रूपांतरे करा. पण एक मूळ प्रत, तिच्या नावासकट, कोणाचा हात न लागता वेगळ्या पेनड्राइव्हवर घालून, तारीख लिहून, घरच्या कपाटात ठेवा. जमिनीचे खरेदीखत आपण असेच ठेवतो ना? झेरॉक्स सर्वांस वाटतो, मूळ कागद मात्र पेटीच्या तळाशी, सोवळ्यासारखा. कॅमेऱ्याने पाहिलेलेही आता तितक्याच मोलाचे झाले आहे. कधी ते आपली वस्तू परत मिळवून देईल, तर कधी दुसऱ्या कोणाची अब्रू राखील.