पर्मनंट झाल्यावर बघू

मूल नसणे आणि मुले कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. चर्चेत त्यांची सर्रास गल्लत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे दर स्त्रीमागे मुले, १.७ होता. लोकसंख्या टिकायला तो २.१ लागतो. ही घसरण प्रामुख्याने एकदोन मुलांवर थांबणाऱ्या घरांची आहे.

ठरवून अपत्यहीन राहणेही इथे नवे नाही. १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढणारे र. धों. कर्वे आणि मालतीबाई यांनी मूल नको असेच ठरवले होते. पण ते अपवाद. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात मूल सहसा नाकारले जात नाही, पुढे ढकलले जाते.

कारण नोकरीच्या स्वरूपात आहे. मराठवाडा-विदर्भातून आयटीआय करून आलेला तरुण आधी अप्रेंटिस, मग ट्रेनी, मग कंत्राटी असतो. मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मुलगा पर्मनंट आहे का?’ त्यात २०११ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली ८९४ च होत्या. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून मोर्चा काढला, तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

लग्न जमले तरी नवऱ्याची तिसरी पाळी, बायकोची पहिली, भाड्याची खोली आणि सासू गावाकडे. २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. कागदावर ती कंत्राटी कामगार स्त्रीलाही लागू आहे; करार पुन्हा झालाच नाही, तर तिने दाद कुठे मागायची?

शरीर मात्र पर्मनंट होण्याची वाट पाहत नाही. पस्तिशीनंतर स्त्रीची गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटते. पुरुषातही भट्टीजवळची उष्णता, शिसे आणि तंबाखू यांनी शुक्राणूंवर परिणाम होतो. तरी तपासण्या आधी बायकोच्याच होतात आणि डोहाळजेवणाला ओटी भरण्यापासून तिलाच टाळले जाते. हा अन्याय जुनाच आहे.

दूरचा परिणाम म्हातारपणी दिसतो. कारखान्यांतून निवृत्त झालेल्या पहिल्या पिढीला स्वतःचे घर होते, सांभाळायला मुले होती. आजच्या कंत्राटी कामगाराकडे यातले बहुधा काहीच नसेल. कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेचे किमान पेन्शन २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरले. तेही किमान दहा वर्षांची पात्र सेवा भरली तरच.